रात्रपाळीला परिचारिका किती?

घरातील वडीलधाऱ्या माणसाची शस्त्रक्रिया ठरली की सारे कुटुंब चौकशीला लागते. सर्जन कोण, त्यांच्या हाताला यश कसे, यंत्रसामग्री नवी आहे काय, स्वतंत्र खोली मिळेल काय, मेडिक्लेम चालेल काय, अशी प्रश्नांची यादी बघता बघता तयार होते. नात्यातील चार जाणत्यांना दूरध्वनी केले जातात. मात्र एक प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. रात्री डॉक्टर घरी गेल्यावर त्या मजल्यावर परिचारिका किती असतात आणि त्यांतील एकीच्या वाट्याला रुग्ण किती येतात?

हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. शुश्रूषा म्हणजे मायेचे, दयेचे काम. त्यात मोजण्यासारखे काय आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु परिचर्येचा इतिहास पाहिला तर दिसते की या क्षेत्राची खरी प्रगती जेव्हा जेव्हा कोणी वही उघडून हिशेब मांडला, तेव्हाच झाली.

दिव्यामागची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांना घेऊन त्या इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांनी स्वच्छ कपडे, बरे अन्न आणि नीट अंथरुणे यांची व्यवस्था लावली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यूचे प्रमाण घटले नाही. उलट वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे दाखल झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे ४२ सैनिक दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याने इमारतीखालील तुंबलेली गटारे उपसली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली. त्यानंतर काही महिन्यांतच हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरले.

युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने नाइटिंगेल यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. ज्या रुग्णालयाची व्यवस्था स्वतःच्या हाती होती, तेथील हे कटू सत्य त्यांनी झाकून ठेवले नाही. १८५८ मध्ये त्यांनी फुलाच्या पाकळ्यांसारख्या आकृतीत हे आकडे मांडले आणि सरकारपुढे ठेवले. पुढे भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याचाही त्यांनी असाच कसून अभ्यास केला. येथे दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरत होते. नाइटिंगेल स्वतः भारतात कधी आल्या नाहीत. ठिकठिकाणच्या छावण्यांकडून भरून आलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी हे काम केले.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्यासाठीचा निधी लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला होता, ही गोष्ट दानशूर कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पाठीवरचे व्रण

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना होणाऱ्या जखमा, ज्यांना आज घरोघरी बेडसोअर म्हणतात, त्या अनेक घरांना परिचित आहेत. पाठीला स्पिरिट चोळावे, पावडर लावावी, अशी जुनी रीत. साबण, तेल, मलमे, प्रत्येक वॉर्डाची आपली आपली पद्धत असे. त्यातील कशाने खरोखर गुण येतो, हे कोणी तपासले नव्हते.

डोरीन नॉर्टन या इंग्लिश परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह हे तपासले. त्यांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील २५० वृद्धांचे त्यांनी निरीक्षण केले. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश वृद्धांना व्रण झाले. त्यांचा निष्कर्ष असा की चोळण्याच्या द्रव्यांवर फारसे काही अवलंबून नसते. त्वचेवर सतत पडणारा दाब दूर करणे, म्हणजे ठरावीक वेळाने रुग्णाची कूस बदलणे, हाच मुख्य उपाय. कोणाला धोका अधिक आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी एक सोपी गुणपद्धती तयार केली. शरीराची सामान्य अवस्था, मनाची सावधता, चालण्या-फिरण्याची क्षमता, अंथरुणात हालचाल करण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली की सावध व्हायचे.

घरी आजोबा-आजींची सेवा करणाऱ्यांनाही याचा थेट उपयोग आहे. कूस केव्हा बदलली याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. प्रत्येक वेळी माकडहाड, नितंब आणि टाचा उजेडात पाहाव्यात. बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली, किंवा सावळ्या त्वचेवर काळसर, कढत अथवा टणक जागा लागली, तर ती व्रणाची पहिली पायरी होय. ती जागा चोळू नये. चोळल्याने आतील नाजूक पेशींना आणखी इजा होते. मधोमध भोक असलेली रबरी चकतीही शक्यतो टाळावी, कारण तिच्या कडेने त्वचेवर ताण येतो.

चक्रवाढीचा हिशेब

परिचारिकांच्या संख्येचा आणि रुग्णाच्या जिवाचा संबंध आकड्यांत दाखवला तो अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन यांनी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या राज्यातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण होते. रुग्णांच्या आजाराची तीव्रता, रुग्णालयाचा आकार, तेथील तंत्रसामग्री हे सारे विचारात घेऊनही एक गोष्ट उरली. एका परिचारिकेवरील रुग्णांची संख्या एकाने वाढली की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती.

येथे शंभरांत आणखी सात जण मरतात असा अर्थ नाही. मूळचा जो धोका असेल, त्यावर ७ टक्के. परंतु हे व्याज सरळ नाही, चक्रवाढ आहे. चार रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेकडे आठ रुग्ण सोपवले की तो धोका सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो.

असे का घडते? शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उत्तमोत्तम रुग्णालयांतही होते. खरा फरक पडतो तो ती वेळेवर लक्षात येण्यात. श्वास थोडा जलद होणे, लघवीचे प्रमाण घटणे, एरवी हुशारीने बोलणारा माणूस गोंधळल्यासारखा होणे, ही आरंभीची चिन्हे यंत्रावर घंटा वाजण्याच्या आधी जवळ बसलेल्या जाणत्या डोळ्याला दिसतात. जिच्याकडे आठ खाटा आहेत, ती एका खाटेपाशी दोन मिनिटेच थांबू शकते. तिच्या सद्भावनेत उणेपणा नसतो. वेळच पुरत नाही.

एका राज्यातील अभ्यासावर सारे अवलंबून राहू नये, म्हणून युरोपातील नऊ देशांत असाच अभ्यास झाला. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ३०० रुग्णालये, ४,२२,७३० रुग्ण, आणि पुन्हा तोच ७ टक्क्यांचा आकडा. त्यात शिक्षणाचाही हिशेब होता. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटत होती. कॅलिफोर्नियाने तर २००४ पासून कायद्यानेच मर्यादा घातली. आज तेथील सामान्य वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत.

आपल्याकडील स्थिती

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. परिषदेच्या निकषांप्रमाणे सामान्य वॉर्डात शिक्षण रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. निकष कागदावर उत्तम आहे. पण रात्री एखाद्या वॉर्डात नातलगाजवळ बसलेल्या कोणालाही तो किती पाळला जातो, हे स्वतः मोजता येते.

वेतनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेचे वेतन मासिक २०,००० रुपयांहून कमी नसावे आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते सरकारी परिचारिकांच्या बरोबरीचे असावे. वेतन अपुरे, पाळ्या लांब, म्हणून अनुभवी परिचारिका आखातात, इंग्लंडात निघून जातात. आणि त्यांच्या जागी काल शिकून आलेली मुलगी रात्रपाळीला एकटी उभी राहते.

व्यापारी घराण्यांचा या विषयाशी संबंध केवळ रुग्णाचे नातलग म्हणून नाही. अनेक धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर याच घरांतील माणसे बसतात. इमारत, शस्त्रक्रियागृह, नवे यंत्र यांसाठी देणगी सहज जमते, कारण त्यांवर नावाची पाटी लागते. पगाराच्या वहीवर पाटी लागत नाही. पण मुंबईत लीलाबाई ठाकरसी यांच्या नावाचे परिचर्या महाविद्यालय महिला विद्यापीठाच्या छत्राखाली चालते. व्यापारी घराण्याचे नाव परिचर्येच्या शिक्षणाशीही जोडले जाऊ शकते, याचा हा दाखला जवळचाच आहे.

विश्वस्तांच्या पुढील बैठकीत तीन आकडे मागवता येतील. रात्रपाळीत प्रत्येक परिचारिकेमागे रुग्ण किती? वर्षभरात किती परिचारिका नोकरी सोडून गेल्या? दाखल झाल्यावर बेडसोअर झालेले रुग्ण किती? ज्यांच्या पेढीत दर संध्याकाळी गल्ल्याचा मेळ लागल्याशिवाय दुकान बंद होत नाही, त्यांना हे आकडे वाचणे अवघड नाही. आणि घरातील कोणाला दाखल करायचे असेल, तर सर्जनचे नाव विचारून झाल्यावर स्वागतकक्षात आणखी एक प्रश्न विचारावा: रात्री या मजल्यावर सिस्टर किती असतात?