डाग नाडीच्याच जागी का?

आजचा भाग मारेगावातून, मामाच्या घरून रेकॉर्ड करतोय. मागे कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

माझ्या मामेबहिणीच्या कमरेवर पांढरे डाग आलेत. बरोबर परकराची नाडी बसते त्या रेषेत. गावाचं निदान तयार होतं: मासे खाऊन दूध प्यायली असेल! जमत आलेलं लग्न मोडलं. ती रडली नाही, मला एवढंच म्हणाली, "दादा, नाडीच्याच जागी का रे?"

प्रश्न भारी आहे. आणि उत्तर पार आईच्या पोटापासून सुरू होतं.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, मूळच्या त्वचेतल्या नाहीत. गर्भाच्या पाठीवर, जिथे पुढे मज्जारज्जू बनतो, त्याच्या कडेला त्यांचे पूर्वज असतात. तिथून निघून ते अंगभर पसरतात. पण शेजाऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला तर निघणार कसे? पेशींचे हे हात म्हणजे कॅडहेरिन नावाची प्रथिनं. स्नेल आणि स्लग ही जनुकं कॅडहेरिनच्या जनुकांना गप्प करतात, मग पकड सुटते. (स्नेल म्हणजे गोगलगाय. नाव गोगलगायीचं, काम पळवायचं!)

मुक्कामाला पोचताना उलटं होतं. उंदराच्या गर्भात असं दिसलंय की त्वचेच्या वरच्या थरात शिरण्याआधी या पेशींवर ई-कॅडहेरिन जोरात वाढतं. त्या थरातल्या पेशींकडेही तेच असतं, म्हणून हातात हात बसतो. केसांच्या मुळाशी उतरणाऱ्या पेशी मात्र पुढे पी-कॅडहेरिनवर जातात. जसं गाव तसे शेजारी.

मामाच्या चांद्या बैलाच्या कपाळावरचा पांढरा ठिपका बघा. तिथे रंगाच्या पेशी पोचल्याच नाहीत, किंवा पुरेशा वाढल्या नाहीत. माणसातही किट किंवा स्लग जनुकात बिघाड असला तर जन्मतःच कपाळावर पांढरी बट असू शकते.

कोडाचं तसं नाही. इथे पेशी पोचलेल्या असतात, वर्षानुवर्षं रंग देत असतात आणि मग जातात. मोठा वाटा शरीराच्याच टी पेशींच्या हल्ल्याचा. पण २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: कोड असलेल्यांच्या डाग नसलेल्या त्वचेतसुद्धा मेलॅनोसाइटवरचं ई-कॅडहेरिन कमी किंवा तुटक असतं. म्हणजे डाग दिसायच्या आधीच पकड ढिली. त्यात रोजचं घासणं आलं की पेशी जागा सोडते. म्हणून नाडी, म्हणून चपलेचा पट्टा, म्हणून कोपर.

यात मासे-दूध कुठेच नाही. हात लावल्याने कोड पसरतही नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन हेच लोकांना सांगत आलीय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' सिनेमाही याच विषयावर आहे, मामीला मी तो मोबाईलवर दाखवला.

बहिणीने त्वचेच्या डॉक्टरांचं औषध सुरू केलंय. नाडी काढून परकराला रुंद, सैल इलॅस्टिक लावलंय. शिलाई तिची स्वतःचीच.