स्वरयंत्रोच्छेदनानंतरची पुनर्वसन परिचर्या
स्वरयंत्रोच्छेदनानंतरची पुनर्वसन परिचर्या म्हणजे कर्करोगामुळे संपूर्ण स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला श्वसन, गिळणे व संवाद यांत पुन्हा स्वावलंबी करणारी शुश्रूषा होय. कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया प्रथम थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ मध्ये व्हिएन्ना येथे केली. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे तोंड मानेच्या पुढील बाजूस उघडले जाते व नाकातोंडातून होणारे श्वसन कायमचे थांबते. नाकातून न आल्याने हवा कोरडी राहते आणि कफ घट्ट होतो. म्हणून परिचारिका कफ काढणे, छिद्र स्वच्छ ठेवणे व त्यात पाणी जाऊ न देणे रुग्णास आणि नातेवाइकांस शिकवतात. संवादासाठी आरंभी लेखन, पुढे अन्ननलिका-स्वर, कृत्रिम झडप किंवा विद्युत स्वरयंत्र वापरतात. आणीबाणीत प्राणवायू मानेतील छिद्रावरच द्यावा लागतो. केवळ नाकातोंडावर मास्क लावल्यास तो फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही.