नळींतून तार ओढण्याची युक्ति

बटण दाबतांच दिवा लागतो, याचें आतां कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु बटणापासून दिव्यापर्यंतची तार भिंतीच्या पोटांतून कशी गेली, याचा विचार करणारे थोडेच आढळतील. पूर्वीं तारा लांकडी पट्ट्यांच्या खोबणींतून भिंतीवरून नेत असत. बिघाड झाल्यास पट्टीचें झांकण काढून तार डोळ्यांनीं पाहतां येई. आतां पुष्कळ ठिकाणीं पोलादाच्या किंवा पी.व्ही.सी.च्या नळ्या गिलाव्याखालीं व स्लॅबमध्यें आधींच पुरून ठेवितात, आणि तारा मागाहून त्यांतून ओढून घेतात. या नळीस कारागीर लोक ‘कंड्युट’ म्हणतात. यामुळें भिंत सुबक दिसते खरी; पण आंत काय घडत आहे तें दिसेनासें होतें, आणि तेथूनच अडचणीस आरंभ होतो.

सरळ व आंखूड नळींतून तार नेणें हा तर वायरमनच्या हातचा मळ होय. खरी अडचण वळणांची. बंदरावर नावाडी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाभोंवतीं देतो आणि एवढ्या बळावर अवजड गलबत एकटा थोपवून धरितो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेथें घर्षण नावाड्याचा मित्र असतें; नळींतील वळणावर तेंच घर्षण तार ओढणाराचा वैरी होतें. अठराव्या शतकांत ऑयलर या थोर गणितज्ञानें या घर्षणाचा नियम गणितानें मांडला. त्याचें सार असें कीं, प्रत्येक वळणावर ओढीची बेरीज होत नाहीं, तर गुणाकार होतो. कोरड्या नळींत घर्षणाचा गुणांक ०.५ धरिला, तर एका काटकोनी वळणानंतर ओढ सुमारें २.२ पट होते. दोन वळणांनंतर ४.८ पट, तीन वळणांनंतर साडेदहा पट, आणि चार वळणांनंतर तब्बल २३ पट! म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत्-नियमावलींत असा दंडक आहे कीं, तारा ओढण्याच्या दोन डब्यांच्या दरम्यान सर्व वळणें मिळून ३६० अंशांहून, अर्थात् चार काटकोनांहून, अधिक नसावींत.

या गुणाकारांतूनच त्यावरील उपायही निघतो. घर्षणाचा गुणांक ०.५ वरून ०.२ वर आणिला, तर चार वळणांनंतरची ओढ २३ पटींऐवजीं केवळ साडेतीन पट राहते. याकरितां तारांना शंखजिऱ्याची पूड किंवा या कामासाठींच तयार केलेलें वंगण लावितात. यंत्राचें तेल अथवा ग्रीस मात्र कदापि लावूं नये. त्यानें रबराचें आवरण फुगून मऊ पडतें व पी.व्ही.सी.चेंही नुकसान होण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न, तार कोणत्या तोंडाकडून ओढावी? एक उदाहरण घेऊं. २५ मीटर सरळ नळी आहे व तिच्या एका टोंकाशीं दोन काटकोनी वळणें आहेत. तारांचें वजन १२ किलो आहे. तेव्हां सरळ भागांतील घर्षण त्याच्या निम्में, म्हणजे ६ किलो झालें. तारा आंत सोडणाऱ्याच्या हातीं १ किलोचा ताण आहे असें समजूं. वळणांच्या बाजूनें तारा आंत सोडल्या, तर १ किलोचे ४.८ किलो होतात, त्यांत ६ मिळवून सुमारें ११ किलो ओढ लागते. उलट बाजूनें सोडल्या, तर आधीं १ व ६ मिळून ७ किलो होतात, आणि मग त्यांस ४.८ नें गुणिल्यावर सुमारें ३४ किलो! नळी तीच, तारा त्याच, वळणेंही तींच. केवळ बाजू बदलल्यानें श्रम तिप्पट झाले. यास्तव ज्या टोंकाजवळ वळणें अधिक, तेथून तारा आंत सोडाव्या व दुसऱ्या टोंकाकडून ओढाव्या.

तिसरी गोष्ट जागेची. दोहोंहून अधिक तारा असतील, तर त्यांनीं नळीच्या पोकळीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग व्यापूं नये, असें तीच नियमावली सांगते. शिवाय, तीन सारख्या तारा असून नळीची आंतील रुंदी एका तारेच्या जाडीच्या जवळजवळ तिप्पट असेल, तर वळणावर त्या तिन्ही एका ओळींत येऊन पाचरीप्रमाणें घट्ट बसतात. अशा वेळीं जरा मोठी नळी घेणें हेंच शहाणपणाचें.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम मेन स्विच बंद करून वीज खरोखर गेली आहे ना, हें तपासावें. ज्या नळींत जिवंत तार आहे, तींत पोलादी पट्टी घालणें म्हणजे मृत्यूस बोलावणें होय. नळीच्या कापलेल्या तोंडाची धार कानशीनें घासून टाकावी. नंतर लवचिक पोलादी पट्टी आंत सारावी. ती मध्येंच अडली, तर दोऱ्यास स्पंजाचा सैल बोळा बांधून एका तोंडाशीं ठेवावा व दुसऱ्या तोंडाकडून व्हॅक्यूम क्लीनरनें हवा ओढावी. बोळा दोऱ्यासह आपोआप येतो. त्या दोऱ्यानें दोरी व दोरीनें तारा ओढाव्या. सर्व तारा एकदमच न्याव्या. मागाहून एकटी तार घुसविल्यास ती आधींच्या तारांना घासून सोलते. तारांचीं टोंकें कमीअधिक लांबीचीं कापून, दोरीस पक्कीं बांधून, वर चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे पुढचा भाग गाजरासारखा निमुळता होतो. एकानें ओढावें व दुसऱ्यानें तारा पीळ न पडूं देतां आंत सोडाव्या. दोघांनीं एकमेकांस हांक देऊन एकाच वेळीं जोर लावावा.

इतकें करूनही तार अडली, तर हिसका देऊं नये. थोडी मागें घेऊन पुन्हां पुढें न्यावी. तरीही न हालल्यास नळींत सिमेंटचा रस शिरला असेल किंवा नळी चेपली असेल, असें समजावें. आंत गेलेल्या पट्टीची लांबी मोजून अडथळ्याची जागा काढावी व तेथें भिंत उघडून डबा बसवावा. भिंतीस पडलेलें भोंक गिलाव्यानें बुजतें. परंतु नळींत सोललेलें आवरण कोणासही दिसत नाहीं. आज दिवा लागतो, म्हणून सर्वांचें समाधान होतें. पण पुढें एखाद्या पावसाळ्यांत ओल शिरली म्हणजे त्याच जखमेंतून वीज पोलादी नळींत उतरते, आणि भूमितारेचा जोड सदोष असेल, तर बटणास हात लावणारें मूल दगावतें. म्हणून काम संपतांच, दिवे व उपकरणें जोडण्यापूर्वीं, ‘मेगर’ नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्टांवर आवरणाची परीक्षा घ्यावी. विद्यार्थ्यांनीं हें सर्व समजून घ्यावें, पण प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें.

शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ ही म्हण या कामीं अक्षरशः खरी ठरते. जाणता कारागीर जातां जातां आणखी एक गोष्ट करितो: तारांबरोबर एक मोकळी दोरी नळींत ठेवून देतो. वीस वर्षांनीं कोणी अनोळखी वायरमन नवी तार घालावयास आला, म्हणजे ती दोरी त्यास आयती सांपडते.