गाडा पळाला, फोटो हलला

आळ्याला रेडासमाधीची यात्रा चैत्रात भरते आणि त्याच दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलगाड्यांच्या बाऱ्या सुटतात. 2014 च्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला, आणि घाट पुन्हा गजबजले. घाटाच्या कडेला कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: फोकस गेला, लेन्स खराब आहे, नवी घ्यावी लागणार. पहिल्या दोन गोष्टी सहसा खऱ्या नसतात आणि तिसरी खिशाला महागात पडते. फोटो कशाने बिघडला हे त्या फोटोतच दिसत असते. लेन्सला दोष देण्याआधी तो मोठा करून बघावा.

गाडा समोरून आडवा जातानाचा एखादा फोटो घ्या. बैलाचे शिंग, वशिंड, गाडीवानाचा हात सगळे पुसल्यासारखे, पण जमिनीवर टेकलेला एक खूर मात्र कोरल्यासारखा स्पष्ट, आणि त्याच बैलाच्या उचललेल्या खुराचा नुसता फराटा. फोकस चुकला असता तर टेकलेला खूरही धूसर आला असता. तो त्या क्षणी जमिनीवर स्थिर होता म्हणून स्पष्ट आला; बाकीचा बैल पळत होता म्हणून हलला. म्हणजे फोकस बरोबर होता, शटर उशिरा मिटले. हिशेबापुरता गाड्याचा वेग ताशी 36 किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. शटर 1/250 सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात गाडा 4 सेंटीमीटर सरकतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकटीची रुंदी 6000 पिक्सेल असते. त्या चौकटीत 6 मीटर मावत असतील तर हे सरकणे 40 पिक्सेलचे होते. 1/2000 वर तेच 5 पिक्सेलवर येते. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला म्हणून हे हलणे कमी होत नाही, उलट मोठे करून पाहताना अधिक उघडे पडते.

यावर कोणी म्हणेल, लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे की! आहे, आणि उपयोगाचाही आहे. 1995 मध्ये कॅननने तो बदलत्या लेन्समध्ये पहिल्यांदा आणला. पण तो सावरतो तुमच्या हाताची थरथर. बैलाला तो थांबवू शकत नाही. 200 मिमीच्या लेन्सला 1/200 पुरे हा जुना नियमही हाताच्या थरथरीपुरताच. शटर वेगवान ठेवायला आयएसओ वाढवला तर दाणे येतील ही भीतीही अवास्तव आहे. दाणे नंतर बरेचसे कमी करता येतात. 40 पिक्सेलचा फराटा पुसून खाली बैलाचा डोळा सापडत नाही.

खरोखर फोकस चुकतो तो बहुधा गाडा अंगावर येताना. 200 मिमी लेन्स, एफ/2.8, अंतर 10 मीटर: फुल फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम 40 सेंटीमीटर खोल असते. एकदा फोकस लावून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, तरी गाडा एक मीटर पुढे आलेला असतो. अशा फोटोत मागची माती किंवा कठड्यावरचे प्रेक्षक स्पष्ट असतात आणि बैल धूसर. इलाज लेन्सच्या दुकानात नाही, मेनूत आहे: पाठलाग करणारा फोकस निवडा, निकॉनवर एएफ-सी, कॅननवर सर्वो. मध्येच भंडारा उधळला गेला तर कॅमेरा त्या पिवळ्या ढगालाच धरतो, तेवढे सोसावे लागते. माळशेज घाटातल्या धुक्यात उलटा प्रकार: धरायला ठळक कडच मिळत नाही, म्हणून लेन्स पुढे-मागे भटकत राहते. तिथे हाताने फोकस करावा.

मोबाइल मात्र सगळे स्पष्ट देतो, हा आक्षेप अर्धाच खरा. त्याचा सेन्सर बोटाच्या नखाएवढा, म्हणून पट्टी खोल. आणि चैत्राच्या उन्हात त्याचे शटर आपोआपच वेगवान चालते. संध्याकाळची बारी त्याच मोबाइलवर टिपून बघा. आणि भर दुपारी तापलेल्या घाटावरून लांबचा गाडा लाटांतून पाहिल्यासारखा दिसतो, तो हवेचा दोष आहे. त्यावर कोणतीच लेन्स चालत नाही. सकाळी जावे किंवा सुरक्षित राहून जवळ उभे राहावे.

तरीही यंत्रातच दोष निघतो कधी कधी, विशेषतः आरशाच्या डीएसएलआरमध्ये, कारण तिथे फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो आणि तो पुढे-मागे चुकू शकतो. मिररलेसमध्ये फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच फोकस होतो, म्हणून हा दोष जवळजवळ नाहीच. तपासणी सोपी आहे. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, स्टॅबिलायझर बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि एक मागच्या पडद्यावरून. दुसऱ्यात अक्षरे सुबक आणि पहिल्यात पुसट आली तर कॅमेरा दुरुस्तीला न्या. दोन्हींत सुबक आली तर लेन्सचे पैसे राहू द्या आणि पुढच्या यात्रेला शटर 1/2000 वर ठेवून जा.