‘कोयता’ : व्युत्पत्ती आणि बीड जिल्ह्यातील अर्थांतर

वाकड्या पात्याचे, कापण्याचे हत्यार, हाच ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ प्रमाण मराठीत रूढ आहे. त्याचे मूळ संस्कृतापेक्षा द्राविड भाषांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. कन्नड व तमिळ ‘कोय्’ या धातूचा अर्थ कापणे, खुडणे असा असून मल्याळम् ‘कोय्त्तु’ म्हणजे पिकाची कापणी होय. मराठीत क्रियेचे नाव हत्याराला मिळाले, असे दिसते.

याहून लक्षणीय अर्थांतर बीड जिल्ह्यात घडले आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर आदी तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर विशेष वाढले. त्यांच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादमाने टोळीत वीस कोयते सांगितले, की माणसे चाळीस समजावयाची. उचलही कोयत्यावरच ठरते.

‘भाले आत शिरत आहेत’ या अर्थाचे उदाहरण साहित्यशास्त्रात उपादानलक्षणेसाठी दिले जाते. तेथे भाल्यांवरून भालेकऱ्यांचा बोध होतो. परंतु तेथे एका भाल्यामागे एकच योद्धा असतो. कोयत्यात दोन माणसे मिळून एक संख्या होते. जवळचे उदाहरण शेतीतच सापडते. ‘दोन औतांची शेती’ या प्रयोगात औत म्हणजे केवळ अवजार नव्हे. त्याला जुंपलेली बैलजोडीही त्यात येते. तुलना सुखद नाही, पण भाषेने ती आधीच केलेली आहे.

प्रत्यक्ष फडात बहुधा पुरुष ऊस तोडतो. स्त्री तो गोळा करते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. म्हणजे ज्या हत्याराच्या नावाने तिची मोजदाद होते, ते पुष्कळदा तिच्या हाती नसतेच. उचलीचा व मजुरीचा हिशेब नवऱ्याशी होतो. पाळीमुळे वा आजारामुळे तिचा एक दिवस ‘खाडा’ झाला, तर दंड जोडीच्या खात्यातून कापला जातो.

२०१९ साली राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या पाहणीचे एकक कोयता नव्हते, स्त्री होते. मुकादमाच्या वहीवरून हा आकडा निघू शकला नसता.