फोटोतला निळा रंग कुठे गेला?

पहूरच्या एका शिक्षकमित्राच्या माजघरात दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले आहेत. एक आजोबांचा, स्टुडिओत काढलेला जुना कृष्णधवल. तो ठणठणीत आहे. दुसरा वडिलांचा, मोबाइलवर काढून घरच्या प्रिंटरवर छापलेला. त्याची काच फुटली ती पुन्हा बसवायची राहून गेली. दोन वर्षांत चेहरा विटकरी झाला आणि निळा सदरा जवळजवळ पांढरा. मोबाइलही बिघडलेला, त्यामुळे मूळ फाइल नाही.

‘‘अहो, पण इथे ऊन येतच नाही,’’ मित्र म्हणाला. खरे होते. खोलीत होता तो पंखा.

फोटो विटला की आपण उन्हाला दोष देतो. तो बहुधा योग्यच असतो. प्रकाशाची, विशेषतः अतिनील किरणांची ऊर्जा रंगाच्या रेणूंमधले बंध तोडते. पण इथे मुख्यतः आकाशी शाईच उडाली होती, किरमिजी व पिवळी टिकून होती. म्हणून चेहरा लालसर. ही खूण ओझोनची असते. वाहनांच्या धुरातील वायूंवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि पहूर तर जळगाव-अजिंठा रस्त्यावरचे गाव. झटपट वाळणाऱ्या चकचकीत फोटोपेपरवर सूक्ष्म छिद्रांचा थर असतो. शाई त्यात शिरते, पण मागोमाग हवाही शिरते. पंखा दर क्षणी ताजी हवा पुरवतो!

आजोबांच्या फोटोत शाई नाहीच. तिथे जिलेटिनच्या थरात धरलेले चांदीचे कण आहेत.

कणांचे महत्त्व पाहायला पहूरहून फार लांब जायला नको. अजिंठ्याची बरीच चित्रे सुमारे १५०० वर्षांपूर्वीची. त्यांतला गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते आधीच ऑक्सिजनशी संयोग पावलेले. ओझोन त्याचे आणखी काय बिघडवणार? चित्रांचे नुकसान झाले ते ओल, वटवाघळे आणि माणसे यांच्यामुळे. विसाव्या शतकात जपणुकीसाठी लावलेले लाखेचे रोगणही पुढे पिवळे पडले.

घरच्या अनेक प्रिंटरांत पाण्यात विरघळणारी रंगीत शाई असते. तिचा रेणू न् रेणू उघडा पडतो. काही प्रिंटरांत मात्र कणयुक्त शाई मिळते. तिच्या कणात असंख्य रेणू दाटलेले असतात. बाहेरचे झिजले तरी आतले वाचतात. भिंतीवर लावायच्या फोटोसाठी ती घ्यावी, किंवा फोटो स्टुडिओतून फोटोच्या रासायनिक कागदावर काढून घ्यावा. चौकटीला काच हवीच, पण फोटो तिला चिकटू देऊ नये. मध्ये पुठ्ठ्याची कड ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात तो काचेलाच धरतो. गरम लॅमिनेशन हवा अडवते, पण प्रकाश आत येतो आणि ते पुन्हा सोडवता येत नाही.

वर्गात हे तपासता येईल. विरघळणाऱ्या शाईने चार रंगांच्या चार सारख्या पट्ट्या छापा. एक वहीत मिटून ठेवा, दुसरी काचेखाली खिडकीत, तिसरी खिडकीत उघडी, चौथी सावलीत पंख्यासमोर. दर महिन्याला पहिलीशी ताडून कोणता रंग आधी गेला ते लिहा.

मित्राचा फोटो आम्ही स्कॅन केला. आकाशी रंगाचा जो अंश उरला होता, तो संगणकावर वाढवल्यावर सदरा पुन्हा निळा दिसू लागला. ती फाइल आता तीन ठिकाणी आहे.