कोरड्या बोअरिंगमधील जळता वारा

पैसा ओतून बोअरिंग घ्यावें आणि पाणी लागूं नये, ह्यासारखें दुःख शेतकऱ्यास दुसरें नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आफ्रिका खंडांतील माली देशांत बुराकेबुगू नांवाच्या खेड्यांत अशाच एका कोरड्या बोअरिंगची जी हकीकत घडली, ती मननीय वाटल्यावरून येथें देत आहों.

सन १९८७ मध्यें तेथें पाण्यासाठीं भोंक पाडण्याचें काम चालू होतें. शंभर मीटरांहून अधिक खोल जाऊनही पाण्याचा थेंब दिसेना. उलट आंतून वारा येऊं लागला. एक कामकरी सिगारेट ओढीत तोंडाशीं वांकला, तोंच भडका होऊन तो भाजला. ही आग विझविण्यास कित्येक आठवडे लागले. ज्वाळा दिवसां निळसर व रात्रीं सोन्यासारखी दिसे. काळा धूर मात्र मुळींच नसे. अखेर भोंक बुजवून टाकण्यांत आलें. आपल्याकडे विहिरींत उतरण्यापूर्वीं जळता कंदील खालीं सोडून हवा पाहण्याची चाल आहे. ती कोंदट हवेपुरती ठीक. जळणाऱ्या वायूच्या ठिकाणीं तीच जिवावर बेतावयाची, हें जातां जातां सुचवून ठेवतों.

सन २०१२ मध्यें त्या वायूची परीक्षा झाली, तेव्हां तो शेंकडा ९८ हायड्रोजन असल्याचें आढळलें. त्यावर इंजिन चालवून त्या खेड्यास प्रथमच वीज मिळाली. पुढें अनेक वर्षें वायु काढूनही त्याचा दाब घटलेला दिसला नाहीं, तेव्हां खालीं तो नवा तयार होत असावा असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

तो कसा तयार होतो? ओल्या जागीं पडलेला विळा गंजतो, म्हणजे त्यांतील लोखंड प्राणवायु ओढून घेतें. भूगर्भांतील कांहीं काळसर खडकांत लोखंडाचा अंश असतो. त्यांस उष्ण पाणी भेटलें कीं तें लोखंड पाण्यांतील प्राणवायु घेतें व हायड्रोजन सुटा होतो.

शेतकऱ्याचा ह्याशीं संबंध खताचा आहे. हायड्रोजन व हवेंतील नत्र ह्यांच्या संयोगानें अमोनिया होतो, व अमोनियापासून युरिया. हा हायड्रोजन आपल्या देशांत मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशांतून विकत आणावा लागतो. मात्र युरियास कार्बन डायऑक्साइडही लागतो, व तो सध्यां त्याच नैसर्गिक वायूपासून मिळतो. म्हणून नुसत्या हायड्रोजननें युरियाचें काम भागणार नाहीं, ही अडचण उत्साही लेखक बहुधा सांगत नाहींत.

अमेरिकन सरकारच्या भूगर्भ खात्यांतील शास्त्रज्ञांनीं सन २०२४ मध्यें पृथ्वीच्या पोटांत सुमारें ५.६ लाख कोटी टन हायड्रोजन असावा असा अंदाज केला. त्यांतील बहुतेक फार खोल किंवा विखुरलेला असल्यामुळें हातीं येणार नाहीं, असें त्यांनींच म्हटलें आहे. त्याच वर्षीं आल्बानिया देशांतील बुल्किझे येथील क्रोमाइटच्या खाणींतून वर्षाकाठीं निदान २०० टन हायड्रोजन बाहेर पडतो असें प्रसिद्ध झालें. खाणीच्या मानानें हें प्रमाण मोठेंच. त्या खाणींत पूर्वीं स्फोटही झालेले आहेत. परंतु अमोनियाच्या एखाद्या मोठ्या आधुनिक कारखान्यास इतका हायड्रोजन एक दिवसही पुरत नाहीं.